शिक्षेचा तक्ता

राजुऱ्याच्या बार रूममध्ये ज्युनिअर वकिलांसाठी शिक्षेचा तक्ता नव्याने लिहायला घेतला, तेव्हा बरीच कलमं भराभर उतरली. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. गुन्हा १ जुलै २०२४ किंवा नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, आधीचा असेल तर भारतीय दंड विधान (भादंवि). हात अडला तो दहशतवादाच्या रकान्यात.

हा गुन्हा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत होता, तिथे अजूनही आहे. शिवाय संहितेच्या कलम ११३ मध्येही आला. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून पेन्सिल फिरवत गेलं की शिक्षा जवळपास तीच दिसते. जीव गेला तर फाशी किंवा जन्मठेप, एरवी किमान पाच वर्षं ते जन्मठेप. यूएपीएच्या खटल्याला सरकारची मंजुरी लागते, ११३ मध्ये तशी अट नाही. यूएपीएत जामीन मात्र फार अवघड. कोणता कायदा लावायचा हे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी ठरवतो. म्हणून शिक्षेच्या आधी दोन रकाने वाढवले: घटनेची तारीख आणि मंजुरीची तारीख.

मंजुरीचं मोल गडचिरोलीच्या यूएपीए खटल्यात दिसलं. ७ मार्च २०१७ रोजी तिथल्या सत्र न्यायालयाने प्रा. जी. एन. साईबाबांसह पाच जणांना जन्मठेप आणि सहाव्याला दहा वर्षं दिली. जन्मठेपही अपुरी आहे, पण कायद्याने हात बांधलेत, असा निकालपत्राचा सूर होता. साईबाबांविरुद्धची मंजुरी दोषारोप ठेवल्यावर आली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी लावली, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवलं: मंजुरी सदोष, पुरावाही तोकडा. सहापैकी एक आदिवासी तरुण तोवर कैदेतच वारला होता.

मला खरी काळजी वाटते ती किमान आणि कमाल यांच्यामधल्या पोकळीची. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला की सेंटेन्सिंग कौन्सिल दहशतवादाच्या शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं सुधारते. १ ऑक्टोबर २०२२ पासून नवी लागू झाली. दोष किती, हानी किती, हे तिथे पायरीपायरीने मोजतात. आपल्याकडे मलिमथ समितीने २००३ मध्येच अशी तत्त्वं सुचवली होती. ती अजून नाहीत. उदाहरणार्थ, दहशतवाद्याला आश्रय देण्याला किमान तीन वर्षं. रात्री नक्षलवाद्यांचं दलम दारात आलं, बंदुकीच्या धाकाने भात रांधून घेतला, तर तो स्वेच्छेचा आश्रय नव्हे, हे निकालाआधीच सिद्ध करायला हवं. आणि दोष शाबीत झालाच तर तोच धाक शिक्षेच्या सुनावणीत पुन्हा मांडायला हवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ ने आरोपीला ही सुनावणी मिळते, आणि अनेकदा ती पाच मिनिटांत उरकते.

शेवटच्या रकान्यात मी कागदांची नावं लिहिली: वयाचा दाखला, सातबारा, घरात खाणारी माणसं, कारागृहातल्या वर्तणुकीचा अहवाल. कोठडीतले दिवस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे शिक्षेतून वजा होतात. ते मोजायला अटक पंचनाम्याची नक्कल जोडायची.