चित्र तिचं, नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, वारली चित्र आता कुठे नाही ते सांगा! साडीच्या पदरावर आहे, पडद्यावर आहे, चहाच्या मगावर आहे. बचत गटाच्या स्टॉलवर वारलीची एक तरी पिशवी असतेच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल डोकं काढलं, की झाला माणूस. पण ही चित्रं मुळात काढायचं कोण, ठाऊक आहे?

बायका! डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वारली बायका. घरात लग्न निघालं की कुडाची भिंत सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूची काडी ठेचून तिच्या टोकाने लग्नचौक काढायचा. चौकात मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही, इतका त्याला मान.

पण हा मान सगळ्याच बायकांना होता का? नाही. चौक काढायचा तो सवाशिणींनी. नवरा गेला की हातातली कला तीच, पण चौकाचा मान गेला. आपल्याकडच्या हळदीकुंकवासारखंच झालं की हे! समाजाचा नियम चित्रात दिसतो तो असा. चित्रात काय आहे, यापेक्षा ते काढायला कुणाला बसू दिलं, यातून तो जास्त कळतो.

आणखी एक गोष्ट. ज्या लग्नासाठी हा भरलेला, सुखाचा चौक काढायचा, त्याच लग्नापायी माणसं गुलाम व्हायची. लग्नाला पैसा नाही म्हणून वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा आणि ते फेडायला नवरा-बायको दोघं त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबायची. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली या वेठीविरुद्ध उठले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. अंगावर काटा येतो. भिंतीवर देवीचा चौक आणि दाराबाहेर सावकाराचं कर्ज, असा तो संसार होता.

पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर गेले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे लग्नकार्याची वाट न बघता, आवड म्हणून रोज चित्रं काढत. त्यांनी शेतं काढली, मासे पकडायची जाळी काढली, तारपानाच काढला. वारली चित्र त्यांनी जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण वादातीत आहे.

पण एक प्रश्न मनात येतोच. भिंतीवर होतं तोवर हे काम बायकांचं. त्याला ना पैसे, ना सही. कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं, शहरात प्रदर्शनं भरली, तेव्हा जी नावं मोठी झाली ती बहुतेक पुरुषांची! विचार करा, आपल्या स्वयंपाकाचंही असंच नाही का? घरात रांधते ती बाई आणि लग्नाच्या पंगतीचा पैसे घेणारा आचारी पुरुष.

चित्र मात्र गप्प बसलेलं नाही. गंजाडचेच राजेश वांगड यांनी २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर काम केलं. गिल यांनी काढलेल्या तिथल्या परिसराच्या फोटोंवर त्यांनी वारली रेषांनी आपल्या माणसांच्या कहाण्या रेखाटल्या. आता बायकाही कागदावर, कापडावर चित्रं काढतात, विकतात. २०१४ मध्ये वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ही कला कुणाची, यावर सरकारी शिक्का बसला. पण तो शिक्का समाजाच्या नावावर आहे. एकेका बाईचं नाव लिहायचं काम अजून बाकीच आहे.

ते थोडंफार तुम्हा-आम्हालाही करता येईल. पुढच्या वेळी वारलीची साडी किंवा चित्र घेताना दुकानदाराला सरळ विचारा, ‘हे कुणी काढलंय? तिचं नाव काय? तिला यातले किती मिळतात?’ छापील माल असेल तर तसं सांगायला लावा. आणि हो, तुम्ही स्वतः क्लासमध्ये शिकून उशांचे अभ्रे रंगवून विकत असाल, तर कोपऱ्यात आपलं नाव घाला, पण ही रेषा वारली बायकांची आहे हेही गिऱ्हाइकाला सांगा.

आपण दारात रोज रांगोळी काढतो, ती संध्याकाळपर्यंत पुसली जाते. तिच्याखाली कधी कुणी नाव लिहिलंय? लिहायला लाज वाटते, कारण ‘त्यात काय मोठंसं’ हे आपल्याच तोंडात बसलंय. निदान ते वाक्य तरी आता पुसूया.