राजाने घेतलेला चहा

मुलांना राजाची गोष्ट सांगताना आपण लढाई सांगतो, किल्ला सांगतो, फार तर दानधर्म सांगतो. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची एक गोष्ट मात्र साध्या चहाची आहे, आणि कितीदाही सांगितली तरी तिचं नवल संपत नाही.

त्या काळी अस्पृश्य मानले गेलेले गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पिण्याच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदतही केली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं हॉटेल उभं राहिलं, पण गिऱ्हाईक फिरकेना. ‘अस्पृश्या’च्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांचीच गाडी हॉटेलसमोर थांबू लागली. छत्रपती चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार!

इथे थांबून मुलांना विचारावं, या गोष्टीत दिलं कुणी आणि घेतलं कुणी? दया म्हणजे आपल्याजवळचं दुसऱ्याला देणं, एवढंच आपण त्यांना शिकवत आलो: जुने कपडे, वाढदिवसाला वाटलेला खाऊ. महाराजांनी मदत दिली होतीच, तरी हॉटेल रिकामंच राहिलं. त्यांनी गंगारामांच्या हातून कप घेतला तेव्हा चित्र पालटलं. देणाऱ्याचा मान गंगारामांना मिळाला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे चटकन उमगतं. वर्गात एखाद्याच्या डब्याला कुणी शिवत नाही, हे त्याने पाहिलेलं असतं.

महाराजांना हे सुचलं तरी कसं? वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींनाच शूद्र ठरवून वेदमंत्र नाकारले गेले होते. तो अपमान त्यांनी इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून जन्मभर वापरला, याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं.

चहामागे कित्येक वर्षांचं काम होतं. १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहं निघाली. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! हा भाग मुलांना जरूर सांगावा, कारण इथे मुलांच्या शाळेसाठी राजा मोठ्यांना शिक्षा करतो. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.