चालू इमारतीवर नवे छप्पर
मोठ्या इमारतींची निगा : भाग ६

चालू इमारतीचे छप्पर बदलताना दोन कामे एकाच वेळी चालतात. वर जुने काढून नवे बसवायचे असते आणि खाली माणसे, माल व यंत्रे कोरडी आणि सुरक्षित ठेवायची असतात. पहिले काम बहुतेक कंत्राटदारांना येते. दुसऱ्यासाठी लागणारी आखणी मात्र अनेकदा पत्रे उघडल्यावर सुरू होते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात अशी छपरे मोजकी नाहीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. मुख्य मार्गावरून अमरावतीकडे फाटा निघाला तो बडनेऱ्यातून. वऱ्हाडचा कापूस याच मार्गाने मुंबईकडे जाऊ लागला आणि या टापूत जिनिंग-प्रेसिंगच्या लांबरुंद शेड उभ्या राहिल्या. आज त्यांच्या जोडीला गोदामे, रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना आणि अमृत भारत योजनेत समाविष्ट झालेले स्थानक आहे. यांतील स्थानक एक दिवसही बंद ठेवता येत नाही. जीन बंद असते, पण नेमकी पावसाळ्यात.

कामाचे दिवस

वऱ्हाडात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यास येतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यामुळे जिनाच्या छपरासाठी खरी मोकळीक एप्रिल-मे एवढीच मिळते. गोदाम किंवा दुकानांच्या संकुलासाठी नोव्हेंबर ते मे हा काळ वापरता येतो. तरीही फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि मे महिन्यातले वावधान गृहीत धरावेच लागते. मेच्या दुपारी उघडा पत्रा हात लावू देत नाही, म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवणे आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा धरणे योग्य. ताशी मजुरी थोडी वाढते, पण उष्माघात टळतो.

आधी पाहणी

गळती जिथे ठिबकते तिथेच छिद्र असते असे नाही. पाणी पर्लिनवरून, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या तुळयांवरून, किंवा पत्र्याच्या खालच्या अंगाने दूरवर वाहत जाते आणि मग सुटते. म्हणून पाहणी खालून आणि वरून अशी दोनदा करावी आणि दोन्ही नोंदी एकाच नकाशावर उतरवाव्यात. वॉशर कडक होऊन चिरले आहेत का, जे-बोल्टची भोके रुंदावली आहेत का, पन्हाळीत गाळ साचला आहे का, कैच्यांच्या टेकूंशी गंज आहे का, हे एकेक तपासावे.

भोके रुंदावण्याचे कारण उष्णतेत आहे. हिवाळ्यातल्या पहाटे दहा अंशांवर असलेला पत्रा मेच्या दुपारी सत्तर अंशांच्या आसपास तापतो. तीस मीटर लांबीचा पोलादी पत्रा एवढ्या फरकाने सुमारे २२ मिलिमीटर लांबतो आणि थंडीत पुन्हा आखडतो. ही हालचाल बोल्ट दरवर्षी सोसतो. नुसते डांबर फासून अशी गळती एखादा पावसाळा थांबते, कायमची थांबत नाही.

गच्ची काँक्रीटची असेल तर प्रश्न वजनाचा असतो. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याची सवय सर्वत्र आहे. दहा सेंटिमीटर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा प्रत्येक चौरस मीटरवर दीड-दोनशे किलो भार टाकतो. दुसरा थर देण्याआधी स्लॅब तो पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेणे अनिवार्य मानावे.

तीन पर्याय

पहिला पर्याय दुरुस्तीचा : स्क्रू-वॉशर बदलणे, सांधे भरणे, पन्हाळी नव्या करणे. पत्रा शाबूत असेल तर एवढे पुरते. दुसरा, पत्र्यावर पत्रा. जुन्या छपरावर आडव्या पट्ट्या बसवून त्यांवर नवा रंगीत पत्रा चढवतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलोच भरते आणि मधल्या पोकळीत उष्णतारोधक थर घालता येतो. इमारत एक क्षणही उघडी पडत नाही, म्हणून चालू इमारतीसाठी हा पर्याय सर्वांत सोयीचा. अट एवढीच की कैच्या आणि पर्लिन धड असाव्यात, कारण गंजलेला सांगाडा झाकला तर तो पुढे कोणाच्या नजरेला पडत नाही. तिसरा पर्याय संपूर्ण बदलाचा. सांगाडाच कमजोर असेल तर तोच निवडावा लागतो.

संध्याकाळचा नियम

संपूर्ण बदलात एक नियम सर्वांवर आहे : संध्याकाळपर्यंत पक्के झाकता येईल तेवढेच सकाळी उघडावे. त्यासाठी छपराचे पट्टे पाडतात. आजच्या पट्ट्याचे नवे पत्रे, स्क्रू आणि ताडपत्री वर पोहोचल्याशिवाय जुना पत्रा सोडायचा नाही. नव्या-जुन्याच्या सांध्यावर रोज तात्पुरती पट्टी मारायची. पत्रा नुसता ठेवून जायचे नाही. सगळे स्क्रू बसले तरच तो बसला. वाऱ्याचा उचलण्याचा जोर छपराच्या कडा, कोपरे आणि माथ्यावर सर्वाधिक असतो आणि सुटा पत्रा तिथूनच उडतो.

या काटेकोरपणाचे कारण साध्या हिशेबात आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाच हजार चौरस मीटरच्या शेडवर ५० मिलिमीटरची एक सर कोसळली तर अडीच लाख लिटर पाणी खाली येते. त्यातला विसावा हिस्सा उघड्या पट्ट्यातून आत आला तरी साडेबारा हजार लिटर रुईच्या गठाणींवर पडतात.

खालची माणसे

डोक्यावर काम चालू असताना खाली वावर असेल तर मध्ये भक्कम तात्पुरता मजला हवा. पडलेला स्क्रू, हातोडी किंवा पत्र्याचा तुकडा त्याने झेलावा. वर काम आणि खाली वावर हे मोठ्या स्थानकांतही जमते. स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या वेव्हर्ली स्थानकाचे सुमारे ३४ हजार चौरस मीटरचे काचेचे छप्पर गेल्या दशकाच्या आरंभी गाड्या चालू ठेवूनच बदलले गेले. नागपूर स्थानकाच्या पुनर्विकासाची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये बसवली गेली आणि तेथेही गाड्या न थांबवता काम हाती घेतले गेले.

रेल्वे फलाटाच्या छपरावर आणखी एक धोका असतो : वरच्या तारांतून वाहणारी २५ हजार व्होल्टची वीज. या तारांच्या दोन मीटरच्या आत माणूस, शिडी किंवा पत्र्याचे टोक जाता कामा नये. त्यासाठी पॉवर ब्लॉक घेतात : प्रवाह बंद करून तारा जमिनीशी जोडल्या जातात आणि लेखी परवाना हाती आल्यावरच मजूर वर चढतात. ब्लॉक थोडक्या तासांचा असल्याने पत्रे आधीच मापात कापून, क्रमांक घालून तयार ठेवावे लागतात. प्रवाशांच्या वाटा वळवणे आणि तसे फलक व उद्घोषणा वेळेत करणे हाही या कामाचाच भाग.

आग आणि उंची

जिनात तरंगणारा कापसाचा तंतू एका ठिणगीने पेटतो. त्यामुळे तिथे वेल्डिंग आणि गॅस कटिंग शक्यतो टाळून स्क्रूच्या जोडण्या वापराव्यात. टाळता येत नसेल तर खालची रुई हलवून, आडोसा लावून, पाणी व अग्निशामक जवळ ठेवून, आणि काम संपल्यावरही तासभर पहारा ठेवूनच ते करावे. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा छपरावर जीर्णोद्धाराचे काम सुरू होते आणि आत माणसे होती. नेमके कारण निश्चित झाले नाही. पण दुरुस्तीच्या काळात छप्पर अधिक असुरक्षित असते, हे त्यातून जगाने पाहिले.

जुन्या शेडवर बहुधा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतात. वय झालेला असा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक तुटतो. त्यावर थेट पाय न देता पर्लिनवर टेकलेल्या रुंद फळ्यांवरून चालावे, खाली जाळी असावी आणि प्रत्येकाच्या कमरेचा दोर भक्कम आधाराला बांधलेला असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत. म्हणून पत्रे ओले करून, न फोडता, अखंड उतरवावेत. करवतीने कापू नयेत, वरून फेकू नयेत. उतरलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवावेत. गोठ्यावर घालायला कोणी मागितले तरी ते देऊ नयेत.

शेवटची तपासणी

काम संपल्यावर पत्र्याच्या छपरावर पट्ट्यापट्ट्याने पाण्याचा फवारा मारून खालून पाहावे. गच्चीवर बांध घालून किमान २४ तास पाणी साठवावे. पन्हाळी आणि उतार-नळ वाहते आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण नव्या छपराची पहिली गळती बहुतेकदा तुंबलेल्या पन्हाळीतून होते. कापलेल्या पत्र्यांचा कीस रोज झाडून काढावा. तो राहिला तर नव्या रंगावर गंजाचे ठिपके पाडतो. नकाशा, वापरलेल्या साहित्याचा तपशील आणि हमीपत्र एका वहीत ठेवून ती इमारतीच्या देखभालदाराकडे द्यावी. दरवर्षी मेअखेर पन्हाळी साफ करून आणि स्क्रू तपासून त्याची नोंद त्याच वहीत करावी.

पुढील भाग : पन्हाळी, उतार-नळ आणि पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण.