पिल्लू घरी आणताना

भटक्या कुत्र्यांची वीण बहुधा पावसाळा सरता सरता होते. त्यामुळे सुगीच्या दिवसांत आपल्या बेळगाव-खानापूर भागात गवताच्या गंजीआड, पडवीच्या कोपऱ्यात पिल्लेच पिल्ले दिसतात. उसात रानडुकरे शिरतात, खळ्यावर राखण लागते, म्हणून याच वेळी पुष्कळ घरी पिल्लू आणले जाते. मग त्याच्या गळ्यात दोरी बांधतात, पुढे खरकटे टाकतात आणि ‘कुत्रेच ते, आपोआप वाढेल’ असे म्हणून विसरून जातात. असे वाढवलेले पिल्लू पुष्कळदा दोन महिन्यांत मरते. जगले तर भित्रे किंवा चावरे निघते. पहिले काही आठवडे नीट सांभाळले तर तेच पिल्लू दहा-बारा वर्षे घराची राखण करते.

यामागचे कारण समजून घ्यावे. कुत्र्याच्या पिल्लाचा शिकण्याचा मुख्य काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात जी माणसे, जी जनावरे, जे आवाज ते ओळखते, त्यांना ते पुढे भीत नाही. जे पाहिलेच नाही त्याची त्याला भीती वाटते, आणि भ्यालेले कुत्रेच बहुधा चावते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. दात किती लावावा हे ते तिथेच शिकते. फार लवकर आणलेल्या पिल्लाला हा धडा मिळत नाही.

पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडतेच. ते हट्टाने नव्हे, तर आईची ऊब गेली म्हणून रडते. त्याला मारू नये आणि अंधाऱ्या खोपीत एकटे कोंडू नये. माणसांचा आवाज ऐकू येईल अशा ठिकाणी, पडवीत किंवा माजघराच्या दाराशी, गोणपाट अंथरून जागा द्यावी. आईजवळचे एखादे फडके मिळाले तर त्यावर टाकावे. ती जागा बदलू नये. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच परड्यात एका ठराविक ठिकाणी न्यावे. तिथे विधी उरकला की शाबासकी द्यावी. घरात घाण केली म्हणून नाक घासण्याची आपल्याकडे रीत आहे. तिने पिल्लू एवढेच शिकते की या माणसापासून लपून बसावे.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा थोडे थोडे खायला द्यावे. मऊ भात किंवा कुस्करलेली भाकरी, त्यात बिनमिठाचे, बिनतिखटाचे वरण आणि उकडलेले अंडे किंवा मांसाचा तुकडा असावा. नुसत्या भाकरीवर हाडे भरत नाहीत. गाईचे दूध भरपूर पाजले तर पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्याला विषासारखे आहेत. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून आतड्यात रुततात. सणाला बकरे कापले तर काळीज, फुप्फुस कच्चे टाकू नये. त्यातून कुत्र्याला एका जातीचे जंत होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

साधे जंत तर पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात. घरी आणताच गुरांच्या दवाखान्यातून जंताचे औषध आणून पाजावे. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी एकदा द्यावे. गोचीड झाले म्हणून शेतातले कीटकनाशक अंगाला चोळू नये. पिल्लू अंग चाटते आणि त्यातच मरते.

सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांची लस टोचावी. चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. पार्व्होमध्ये उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाते. त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. म्हणून ज्या घरी असे पिल्लू मेले असेल त्यांनी वर्षभर तरी लस न टोचलेले दुसरे आणू नये. तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस टोचावी आणि पुढे दरवर्षी.

गुरे व कोंबड्या यांची ओळख पिल्लाला दोरीत धरून दुरून करून द्यावी. दावणीतल्या म्हशीची एक लाथ त्याला पुरते. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे राखणदार होत नाही, ते चिडके होते. घरातल्या मुलांना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. खाणाऱ्या व झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, आणि दात किंवा नख लागले तर ताबडतोब मोठ्यांना सांगायचे.

ही दुसरी गोष्ट जिवावरची आहे. पिल्लू लहान आहे, खेळताना चावले, त्याला काय होते, असे समजू नये. लस न टोचलेल्या आईचे पिल्लूही पिसाळू शकते, आणि रेबीजची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीही वाचत नाही. मार बसेल या भीतीने मूल जखम लपवते, म्हणून त्याला रागावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट, तेल काही लावू नये. मांत्रिकाकडे वेळ न दवडता त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत. दंडावर थोडीच घ्यावी लागतात, पण ठरल्या तारखांना सर्व घ्यावीत. रक्त आले असेल तर जखमेत देण्याच्या सीरमविषयीही डॉक्टरांना विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु त्या दहा दिवसांसाठी लस थांबवू नये.

शेजारच्या गोव्यात वर्षानुवर्षे गावोगाव जाऊन कुत्र्यांना लस टोचली गेली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. जे एका राज्याला साधले त्याची सुरुवात आपल्या अंगणातल्या एका पिल्लापासून करता येते. पिल्लू घरी आणाल त्याच आठवड्यात त्याला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात न्यावे आणि पुढच्या लसींच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवाव्यात.