भोजन भत्ता ताटात उतरू द्या

विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही रक्त तपासलं. गावाहून एम.ए. करायला आलेल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन 8.4 निघालं. बाईमाणसाला किमान 12 हवं. सकाळी काय खाल्लंस? "चहा-बिस्कीट." दुपारी? "वडापाव, नाहीतर चहाच." वसतिगृह मिळालं नाही म्हणून तिला स्वाधार योजना मिळते, पण पैसे खोलीभाड्यात आणि धाकट्या भावाच्या फीमध्ये जातात.

मायबापहो, मुंबई-पुण्यात स्वाधारच्या वर्षाच्या 60,000 रुपयांत 32,000 भोजन भत्ता आहे. दिवसाला 88 रुपयेही पडत नाहीत. तरी त्यात अंडी, भिजवलेले हरभरे, भाकरी-पालेभाजी बसते. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने. कधी सुकट, कधी कलेजी. त्यात लाजायचं काय?

हिमोग्लोबिन इतकं कमी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. शौच काळं होतं, म्हणून पुष्कळ मुली घाबरून गोळ्या सोडतात. सोडू नका. तोवर धावणं नको, रमतगमत चालणं पुरे.

भरतीची तयारी करणारी पोरं पावडरच्या डब्यावर हजारो घालवतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात, बाळांनो. पळायला मैदान फुकट आहे.

पोरगी लांब शिकत असेल तर फोनवर अभ्यासाआधी जेवण विचारा. आमच्या त्या मुलीचं रक्त आम्ही महिन्याने पुन्हा तपासणार आहोत. भावाच्या फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय.