बुजणाऱ्या घोड्याला धीर कसा द्यावा?

नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबा यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पारखून घेतलेला, मुलांनाही पाठीवर बसू देणारा एखादा घोडा बीदरजवळच्या जनवाड्यासारख्या गावी येतो आणि चार दिवसांत त्याची तऱ्हा बदलते. बांधापर्यंत तो नीट जातो. मात्र विहिरीवरचा पंप किंवा वाऱ्याने फडफडणारे प्लास्टिक दिसले की पाय रोवतो, फुरफुरतो, गर्रकन मागे वळतो. विकणाऱ्याने खोड लपवून जनावर गळ्यात मारले, असे मालकाला वाटते. मग चाबूक चालतो. एखाद्या दिवशी स्वार खाली येतो आणि घोडा मिळेल त्या भावात पुन्हा बाजाराला लागतो.

बहुतेक वेळा ती खोड नसते, भीती असते. नव्या जागेची भीती.

या पट्ट्याला ती नवी नाही. बीदर ही बहमनी राजधानी असताना अरबी घोडे गोवा, दाभोळ अशा बंदरांवर उतरत आणि घाट चढून दख्खनच्या पठारावर येत. पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन बीदरला पोहोचलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन याने आळंदच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे लिहून ठेवले आहे. हे आळंद आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले. जहाजातून उतरलेल्या त्या जनावरांना नव्या मुलखाची सवय कोणा मोतद्दाराने लावलीच असणार.

घोडा हा शिकार होणारा प्राणी. आधी पळायचे, मग पाहायचे, हा त्याचा स्वभावधर्म. डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्याने त्याला सुमारे 350 अंशांचा परिसर दिसतो. कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या थेट मागचे तेवढे दिसत नाही. उन्हातून अंधारात जाताना त्याची नजर माणसापेक्षा सावकाश सरावते. चिंचेच्या दाट सावलीपाशी तो थबकतो, तेव्हा पुढे काय आहे हे त्याला खरोखरच दिसत नसते.

जाताना शांत राहिलेला घोडा परतताना त्याच ठिकाणी का बुजतो, हे कोडे जुने आहे. एका डोळ्याने पाहिलेले दुसऱ्या डोळ्याला कळत नाही, असे सांगितले जाई. प्रयोगांत ते टिकले नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधकांनी घोड्यांना मुलांच्या खेळण्याच्या एका मोठ्या संचाची सवय लावली आणि नंतर तोच संच नुसता फिरवून ठेवला. घोडे नवी वस्तू पाहिल्यासारखे दचकले. म्हणून भीतीची जागा दोन्ही दिशांनी दाखवावी लागते.

सुरुवात खाली उतरून करावी. मोहरकीला लांब दोर असावा. तो हाताला गुंडाळू मात्र नये, घोडा उधळला तर बोटे जातात. कान टवकारले जातात पण पाय अडत नाहीत, त्या अंतरावर थांबावे. मान खाली आली, श्वास मोठा सुटला, गवताला तोंड लागले, की घोडा स्वतः वळण्याआधी आपणच त्याला मागे न्यावे. दुसऱ्या दिवशी दोन पावले पुढे. चालताना माणसाने भीतीच्या वस्तूकडील बाजूस राहावे, कारण दचकलेला घोडा वस्तूपासून दूर उडी घेतो. दुसऱ्या बाजूस असलेल्याच्या अंगावर तो येतो. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेच बजावले होते: मारून पुढे ढकललेला घोडा अधिकच घाबरतो, कारण त्या वस्तूबरोबर त्याला वेदनाही आठवते.

मानेवर थापट्या मारण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यापेक्षा आयाळ संपते तेथील उंचवट्याजवळ खाजवणे बरे. घोडे एकमेकांना तेथेच खाजवतात आणि त्यामुळे हृदयाचे ठोके मंदावतात, असे 1993 मधील एका अभ्यासात आढळले. सोबत मुरलेला, न बुजणारा घोडा असेल तर निम्मे काम तोच करतो.

स्वाराची भीती हा वेगळाच अडथळा. स्वीडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चौथ्या फेरीला छत्री उघडली जाईल, असे माणसांना सांगण्यात आले. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांबरोबर घोड्यांचेही ठोके वाढले. लगाम आवळून, श्वास रोखून बसलेला स्वार घोड्याला संकटाची वर्दीच देत असतो. ज्या दिवशी स्वतःचेच मन थाऱ्यावर नसेल, त्या दिवशी घोडा चालवत न्यावा.

पंधरवडाभर असे करूनही फरक दिसला नाही, किंवा पूर्वी न बुजणारा घोडा एकाएकी बुजू लागला, तर खोगिराखालची पाठ, दात, खूर आणि विशेषतः डोळे तपासून घ्यावेत. जनवाडा परिसरातील मालकांना त्यासाठी दूर जावे लागत नाही; कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय बीदरमध्येच आहे.