बरणीतले ऊन आणि आभाळाचे पांघरूण

हरितगृह परिणाम वर्गात दाखवायला काचेच्या दोन सारख्या बरण्या आणि दोन तापमापी पुरतात. बरण्यांच्या तळाशी काळी माती पसरायची, एकीचे तोंड काचेने झाकायचे, दुसरीचे उघडे ठेवायचे आणि दोन्ही उन्हात मांडायच्या. तापमापीच्या फुग्यावर पुठ्ठ्याचा आडोसा हवा. नाहीतर ती हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगते. नांदेड-लातूरच्या मार्चमधल्या उन्हात थोड्याच वेळात झाकलेल्या बरणीतला पारा पुढे जातो.

इथवर सगळे ठीक. घोळ होतो तो निष्कर्षात. बरणी तापते ती मुख्यतः गरम हवा वर निसटू शकत नाही म्हणून. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1909 मध्ये एका खोक्याला काचेचे आणि दुसऱ्याला सैंधवाचे पारदर्शक झाकण लावले. सैंधव (तेच, उपवासाचे) उष्णतेचे किरण अडवत नाही, तरी दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली.

पृथ्वीला असे झाकण नाही. उन्हाने तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडते. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन ते शोषतात आणि त्यातली काही उष्णता पुन्हा खाली धाडतात. हे नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे 15 अंश सेल्सिअसऐवजी उणे 18 च्या आसपास असते. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कारखानदारीआधी दहा लाखांत सुमारे 280 भाग होते. आता ते 420 च्या वर आहे.

हरितगृह परिणामाचा अधिक खरा प्रयोग मराठवाड्यात हिवाळ्यात आपोआप घडतो. डिसेंबरात आभाळ निरभ्र असले की पहाटे हुडहुडी भरते. ढग आले की थंडी पळते आणि शेतकरी तुरी-हरभऱ्यावरच्या अळीच्या काळजीत पडतो. ढग जमिनीची उष्णता अडवून परत खाली पाठवतात. शाळेच्या अंगणात आठवडाभर पहाटेचे तापमान आणि आभाळाची स्थिती टिपली की फरक वहीत उतरतो. लातूर पठारावर, नांदेड गोदाकाठी. म्हणून तुलना एकाच अंगणातल्या रात्रींची करावी.

अवरक्त तापमापी मिळाली तर आणखी उत्तम, मात्र कोरोनात कपाळासमोर धरायची ती नव्हे, यंत्रांचे तापमान मोजायची. रात्री ती निरभ्र आकाशाकडे धरली की आकडा बराच खाली जातो, खालच्या दाट ढगाकडे वळवली की झरकन चढतो. दिवसा सूर्याकडे मात्र ती रोखू नये.